चुकीचं वाचलेलं रक्त

आधी मिस रूथचं नाव लिहिते, बाकी सगळं मागाहून. माझी खोड अशी की सांगायला बसले की आधी स्वतःची भीती सांगत बसते आणि ज्यांनी हात दिला ती माणसं शेवटच्या ओळीत कोंबते. या वेळी तसं नको. मिस रूथ कुत्री सांभाळायची, लोकांनी जखमी करून हरवलेल्या हरणांचा माग काढून द्यायची, आणि जगात मला काहीही येत नव्हतं तेव्हा तिनं मला कामावर ठेवलं. दुसरं नाव टिलीचं. टिली तिची कुत्री, लांब पाठीची, आखूड पायांची, दाढीवाल्या म्हाताऱ्यासारख्या राठ केसांची. या दोघींचं देणं माझ्यावर आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या त्या भागात वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी मिस लावतात, मग तिला चार नातवंडं का असेनात. ती बोलायची इंग्रजीत, तेही शब्द चिकासारखे ताणत. पण इतकी वर्षं झाली, मला ती आता मराठीतच ऐकू येते.

आई आणि मी कॅरी नावाच्या गावात मंदामावशीच्या घरी खालच्या खोलीत राहायचो. मावशी हॉस्पिटलात नर्स. तिनंच कागदपत्रं करून आम्हाला बोलावलं. अर्ज केला तेव्हा मी पाळण्यात होते आणि विमानात बसले तेव्हा दहावी नापास. मधल्या काळात वडील गेले. आई पहाटे उठून मेणबत्ती लावायची, हळू आवाजात पंचशील म्हणायची आणि मग कणकेला लागायची. पुण्यामुंबईची सॉफ्टवेअरमधली पोरं संध्याकाळी तिच्याकडून डबे न्यायची. विजेच्या शेगडीवर ज्वारीची भाकर नीट फुगत नाही म्हणून ती रोज चिडायची, आणि मिरची फोडणीत पडली की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागायचा. मग मी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालायचा, आई खालून ओरडायची, "अवो, त्याले सांग, आग नाही लागली, वरण होऊन राहिलं!" दारात उभी पोरं हसायची. "काकू, भोंगा वाजला म्हणजे आज ठेचा आहे ना?" जवसाची चटणी, वांग्याची भाजी, रविवारी लाल तिखट मटण. त्या वासाची आठवण आली की अजूनही मला आधी भोंगा ऐकू येतो, मग भूक लागते. मागच्या अंगणात संध्याकाळी हरणं यायची आणि मावशीचे टोमॅटो खाऊन जायची. मावशी खिडकीतून चप्पल दाखवायची. हरणं बघत उभी राहायची. माझं हरणांशी तेवढंच नातं होतं.

शाळेत मला परत दहावीत बसवलं. बाई काहीतरी समजावून सांगायच्या, मग माझ्याजवळ येऊन वाकून विचारायच्या, "गुड?" मी म्हणायची, "गुड." एक अक्षर कळलेलं नसायचं. पण त्या इतक्या प्रेमानं विचारायच्या की नाही म्हणायला जीभ उचलत नसे, आणि पुन्हा विचारायला लावलं तर त्यांचा चेहरा पडेल याची मला धास्ती. पेपर कोरा दिला तेव्हा त्या खरंच गोंधळल्या. म्हणाल्या, तू तर रोज गुड म्हणत होतीस. दोन वर्षं अशीच काढली आणि एक दिवस मी गेलेच नाही. आईलाही शाळेचं विचारलं की मी चांगलं चाललंय म्हणायची. मला वाटतं काही माणसं लबाडीनं खोटं बोलतात आणि काही समोरच्याला त्रास नको म्हणून. दुसरी जात जास्त वाईट. तिला आपण खोटं बोलतोय हेच कळत नाही.

मिस रूथचा नवरा मावशीच्या वॉर्डात होता, तिथंच वारला. त्या ओळखीवर मावशीनं शब्द टाकला आणि मला काम मिळालं. कॅरीपासून गाडीनं पाऊण तास दक्षिणेला तिचं घर, मागे कुत्र्यांची लांब शेड. शहरातले लोक सुट्टीवर जाताना कुत्री तिच्याकडे सोडून जायचे. मी घाण काढायची, भांडी घासायची, आंघोळी घालायची. तिनं पहिल्या दिवशी विचारलं, "कुत्र्यांना घाबरतेस?" मी म्हटलं, "नाही." घाबरत होते. तिनं ते ओळखलं, टिलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि आत निघून गेली.

हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की तिचा फोन वाजायला लागायचा. कुणीतरी गोळी घातलेली असायची, हरीण पळालेलं असायचं, रक्त शंभर पावलांवर संपलेलं असायचं. मिस रूथ टिलीला तीस फुटी पट्टा लावायची आणि जायची. ओंडक्यावरचं रक्त, पानावरचा एक केस, यावरून ती सांगायची गोळी कुठं लागलीय. मला शिकवायची. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. हरीण जवळच पडलेलं असणार. काळपट लाल म्हणजे यकृत. तीन-चार तास थांबा. आणि पातळ, हिरवट, आंबूस वासाचं असलं तर पोट. "पोटाला लागलेलं हरीण लगेच मरत नाही," ती म्हणायची. "ते दोनशे पावलांवर जाऊन निजतं. निजू द्यायचं. दिवसभर. तुम्ही मागे गेलात तर ते उठतं, आणि ती आतडी घेऊन पुन्हा मैलभर चालतं. त्याचं मरण तुम्ही लांबवता." एकदा हे ऐकलं की विसरता येत नाही. मीही विसरले नव्हते, हे पुढचं वाचताना लक्षात ठेवा.

घरी मी आईला सांगितलं की आम्ही जखमी हरणं शोधतो. आई म्हणाली, "मंग दवाखान्यात नेता काय?" मी म्हटलं, "हो." आईला फार बरं वाटलं. डबे न्यायला येणाऱ्या पोरांना सांगायची, आमची पोरगी मुक्या जनावरांचं करते.

दुसऱ्या वर्षी मिस रूथनं मला शिकाऱ्याच्या परवान्याचा कोर्स करायला लावला. पुस्तक तिनं रोज दुपारी माझ्यासोबत वाचलं, कळलं का असं न विचारता. मला म्हणायची, आता तू मला सांग. आयुष्यात पास झालेली ती माझी पहिली परीक्षा. ते कार्ड अजून माझ्या पाकिटात आहे. मग बंदूक, मग निशाणा, मग चालणं. झाडावर मचाण बांधून बसणं तिला आवडत नसे. पायी जायचं, वारा तोंडावर घेऊन, तीन पावलं टाकायची आणि श्वास मोजत उभं राहायचं. टाच आधी नाही, पावलाची बाहेरची कड आधी. मला ते पटकन जमलं. कुणाला आपली चाहूल लागू नये असं चालायचा सराव मला लहानपणापासून होता.

मिस्टर हॉलिसचं रान होतं. पाइनची लागवड, खाली ओढा, पलीकडे कापणी झालेलं सोयाबीनचं शेत. आसपासची अर्धी जमीन त्याच्या ओळखीतल्या लोकांची आणि मिस रूथला माग काढायला बोलावणाऱ्यांत निम्मे त्याच्या शब्दावर बोलावणारे. त्यानं तिच्यासाठी म्हणून मला परवानगी दिली. "तुझी पोरगी, तुझी जबाबदारी," तो तिला म्हणाला. त्या रानातला एक मोठ्या शिंगांचा नर त्याच्या नातवाच्या मनात भरलेला होता, पण नातू त्या वर्षी सैन्यात गेला होता, म्हणून म्हणाला, दिसला तर घे.

सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. मिस रूथ टिलीला घेऊन गाडीपाशी थांबली. मी ओढ्याच्या कडेनं वर गेले. तासाभराने तो दिसला, साठ पावलांवर, आडवा, डोकं झाडाआड. मी बंदूक टेकवली. खांद्यामागे एक वीत, तिनं शंभरदा दाखवलेली जागा. बोट ओढलं त्याच क्षणी त्यानं एक पाऊल पुढं टाकलं.

मी पाहिलं. ते पाहिलं नाही असं मला कधीच म्हणता आलेलं नाही. छातीला लागलेलं हरीण उडी मारून पळतं. यानं पाठीला पोक काढलं, पोट दुखणाऱ्या माणसासारखं, आणि हळूहळू चालत झाडीत गेलं.

बंदुकीचा आवाज ऐकून मिस रूथ आली. तिचा चेहरा फुलला होता. एवढ्या वर्षांत माझ्याकडे कुणी अशा चेहऱ्यानं पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं, "गुड?"

मी म्हटलं, "गुड."

"कुठं लागली?"

मी स्वतःच्या खांद्यामागे हात नेऊन दाखवलं.

"पळाला कसा?"

"उडी मारून."

तिनं माझी पाठ थोपटली. अर्धा तास थांबलो. तिनं थर्मासमधली कॉफी दिली, मी आईनं बांधून दिलेली भाकर आणि चटणी काढली, तिनं ती नेहमीसारखी डोळ्यांत पाणी आणत खाल्ली. त्या अर्ध्या तासात मी दहा वेळा तोंड उघडलं. दहाही वेळा घास घातला.

मग टिली निघाली. नाक जमिनीला, शेपटी ताठ, पट्टा मिस रूथच्या हातातून सरकत. रक्त जवळजवळ नव्हतंच, ती माझ्या शब्दावरच चालली होती. दोनशे पावलांवर एका पडलेल्या झाडामागे गवत दबलेलं होतं, अजून गरम. आणि पुढं कुठंतरी काटक्या मोडत जड काहीतरी उठून गेल्याचा आवाज. टिली रडल्यासारखं कुंकुं करायला लागली. मिस रूथ गुडघ्यावर बसली, दबलेल्या गवतातून बोट फिरवलं, वास घेतला. मग तेच बोट माझ्या नाकापाशी धरलं. आंबलेल्या कडब्यासारखा वास.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघू शकले नाही. ती विचारील म्हणून मी वाट बघत होते. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला आजवर सांगत आलेय. तिनं विचारलं नाही. टिलीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "याला निजू द्यायला हवं होतं."

आम्ही गाडीपाशी परत आलो आणि बसून राहिलो. उन्हं वर आली, दहिवर गेलं. काहीच करायचं नव्हतं. त्या रानात कुठंतरी तो पोटात आग घेऊन पडला होता, आणि आपण इथं बसलोय ते त्याला पुन्हा उठवू नये म्हणून. दुपारी मिस्टर हॉलिस त्याची चारचाकी रानगाडी घेऊन आला. ओढ्यापलीकडे शेतात त्याला नर दिसला होता, पोक काढून, थांबत थांबत चाललेला.

"पोटाला आहे," तो म्हणाला. "आणि कुणीतरी हुसकावलाय. कुणी ठरवलं लगेच आत जायचं?"

मी मिस रूथच्या मागे उभी होते.

"मी," ती म्हणाली. "रक्त मी चुकीचं वाचलं."

"तू? रूथ, तू?"

"मी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. एवढंच करायचं होतं मला, एक शब्द, आणि तो इंग्रजीत मला येत होता. तो म्हणाला, "वय झालं वाटतं तुझं," हे चेष्टेत नाही, आणि निघून गेला. ती बूट झटकत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुझं नाव घेतलं असतं तर तुला त्यानं या रानात पुन्हा पाऊल टाकू दिलं नसतं. मला शिव्या देईल आणि विसरेल." तो विसरला नाही. पण ते नंतर.

ऊन कलल्यावर पुन्हा निघालो. टिलीनं ओढा ओलांडला, शेताच्या कडेनं गेली, दोनदा चुकली, दोनदा मागे येऊन पुन्हा धरलं. माणसाला तिथं काहीही दिसत नव्हतं. ओढ्याच्या वळणावर बोरूचं दाट बन होतं, त्यात तो अर्धा पाण्यात पडलेला होता. ताप आलेलं जनावर पाण्याकडे जातं. आम्हाला वाटलं मेला. मिस रूथनं पट्टा सैल सोडला, टिली पुढं झाली, आणि त्यानं मान उचलून शिंगं फिरवली. टिलीचा तो आवाज मी इथं लिहीत नाही. मिस रूथनं पट्टा ओढून तिला पोटाशी धरलं, तिच्या जाकिटावर रक्त, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "संपव आता. मानेत. जवळ जाऊन."

मी गेले. त्याचे डोळे माझ्यावर होते. त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं, नुसतं थकलेलं होतं. मी ते काम केलं. हात हलले नाहीत, आणि त्याचीच मला आजही भीती वाटते.

मिस रूथनं एका हातानं टिलीच्या डोळ्यावर रुमाल दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं पाइनची एक डहाळी मोडून त्याच्या दातांत ठेवली. हे ती नेहमी करायची. शेवटचा घास, म्हणायची. उपाशी पाठवायचं नसतं. मग टिलीला घेऊन ती गाडी जवळ आणायला गेली, आणि जाताना दोर माझ्याकडे टाकून गेली. म्हणाली, जमेल तेवढा बांधावर ओढून ठेव.

मी दोराकडे बघत उभी राहिले. माझ्या आज्याला गाव मेलेली ढोरं ओढायला लावायचं. कुणाचं ढोर मेलं की दारात येऊन हाक मारायची, की हा निघाला. एक दिवस त्यानं आणि वस्तीतल्या सगळ्यांनी दोर टाकून दिले, गावानं पाणी तोडलं तरी उचलले नाहीत. हे आमच्या घरात अंगाई म्हणून सांगितलं जायचं. आणि मी सात समुद्रांपलीकडे, एका मेलेल्या जनावरापाशी, हातात दोर. पण त्याला असं अर्ध्या पाण्यात सोडून जाणं मला जमेना. एवढे हाल करून त्याला टाकून जायचं? मी दोर शिंगांना बांधला आणि ओढला. तळहात सोलले.

घरी पोचले तेव्हा स्वयंपाकघरात भोंगा बोंबलत होता आणि आई टॉवेल फिरवत होती. माझे कपडे बघून तिचा हात थांबला. भोंगा चालूच.

"सापडलं का हरीण?"

"सापडलं."

"दवाखान्यात नेलं?"

किती सोपं होतं हो म्हणणं. "नाही, आई. मीच मारलं. सकाळी गोळी पण मीच घातली. आम्ही दवाखान्यात कधीच नेत नाही."

तिनं शेगडी बंद केली. माझे हात उलटे करून तळवे पाहिले. "हे काय होय?"

"दोराचं. ओढत आणलं."

तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता मारील. "कोनी लावलं ओढाले?"

"कोणी नाही. मीच."

"खरं सांगून राहिली?"

"खरं."

कोमट पाण्यात मीठ घालून तिनं माझे हात त्यात बुडवले. मग म्हणाली, "तुह्या आज्याले लावत होते. तुले कोनी लावलं नाही. ते येगळं, हे येगळं." पाणी लाल झालं होतं. "पहिलं शील मोडलं ते कपड्यावर दिसून राहिलं, पोरी. धुशील. चौथं मोडलं, ते दोन वर्षं मले दिसलंच नाही." पहिलं म्हणजे जीव न घेण्याचं, चौथं खोटं न बोलण्याचं. ती दवाखान्याबद्दल बोलत होती. मला मात्र रानातला तो अर्धा तास दिसत होता, आणि ते मी तिला सांगितलं नाही. एका दिवसात दोनदा खरं बोलायची माझी ताकद नव्हती.

टिलीचा डावा डोळा गेला. मिस रूथ म्हणाली, "नाकाला डोळा लागत नाही," आणि खरंच ती पुढं सहा वर्षं माग काढत होती. पण फोन येणं कमी झालं. हॉलिसनं सांगितलं असणार, रूथला आता रक्त वाचता येत नाही, म्हातारी घाई करते. पुढच्या हंगामात जुनी माणसं दुसऱ्या जिल्ह्यातून कुत्रा मागवायला लागली. ती फोनपाशी बसून विणकाम करायची. मला एका शब्दानं बोलली नाही. दोन वर्षांनी टिलीचा पट्टा तिनं माझ्या हातात दिला, आणि आज त्या भागात माग काढायला लोक मला बोलावतात. हॉलिससुद्धा. "रूथपेक्षा तू बरी," तो एकदा म्हणाला. मी थँक यू म्हटलं.

आता कुत्र्याच्या गळ्यात यंत्र असतं, कुत्रा कुठं गेला ते फोनवर दिसतं. माझे केस पिकायला लागलेत. मिस रूथ वृद्धाश्रमात असते, मी रविवारी जाते, आईनं दिलेली चटणी नेते. तिला नावं आठवत नाहीत. मला कधी ती तिची बहीण समजते. पण एक गोष्ट तिच्यापाशी पक्की राहिलीय. मध्येच माझा हात धरते आणि म्हणते, "तो ओढ्यातला नर. बिचाऱ्याला मी उगीच चालवलं. रक्त मी चुकीचं वाचलं गं." आणि रडते. स्वतःवर घेतलेली ती गोष्ट तिला आता खरी वाटते. माझ्या वाटणीचा तो दिवस ती एकटी भोगतेय, आणि खरं काय झालं ते ठाऊक असलेलं माणूस जगात मी एकटीच उरलेय. गेल्या रविवारी मी सांगायला सुरुवात केली. तिनं डोळे पुसले, माझ्याकडे बघून हसली आणि विचारलं, "गुड?"

मी म्हटलं, "गुड."

म्हणून हे लिहून ठेवतेय, कारण कागदापुढं जीभ वळवायची नसते. मिस्टर हॉलिस अजून त्याच खडीच्या रस्त्याच्या टोकाला राहतो. या हंगामाचा पहिला फोन वाजायच्या आत मी त्याच्या फाटकात जाईन, त्याला गाडीत घालून तिच्या खोलीत नेईन, आणि त्या दोघांसमोर सांगेन की रक्त तू बरोबरच वाचायचीस, मिस रूथ. गोळी पोटाला लागलेली मी पाहिली होती आणि तुला खोटं सांगितलं होतं. तिला कळलं नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा सांगेन. आणि त्याच्या पुढच्या. ती "गुड?" विचारील, तेव्हा नाही म्हणेन.